मोटर थांबत नाही म्हणजे गॅस गेला असे नव्हे

आमच्या वस्तीत आता बहुतेक घरी फ्रिज आला आहे. कोणी बोनसच्या पैशातून घेतला, कोणी बचत गटाचे कर्ज काढून, तर कोणी हप्त्यावर. हप्ते फिटायच्या आत फ्रिज कुरकुर करू लागला की दारात मिस्त्री येतो. मागे जाळीला हात लावतो, कान देऊन मोटर ऐकतो आणि पाच मिनिटांत दोनपैकी एक निकाल देतो. "गॅस गेला," नाहीतर "कार्ड गेले." पहिल्या निकालाला अडीच-तीन हजार, दुसऱ्याला चार-साडेचार हजार. घरातली बाई पदराच्या गाठीकडे बघते, घरातला बाप्या पुढच्या पगाराचा हिशेब करतो.

सगळे मिस्त्री लुबाडतात असे आमचे म्हणणे नाही. आमच्याच समाजातली कितीतरी मुले हा धंदा इमानाने करतात. पण ज्याला दिवसात दहा घरे गाठायची असतात तो नीट तपासायला थांबत नाही, आणि आपल्याला विचारायचे काय हेच ठाऊक नसते. म्हणून आज आम्ही फ्रिजमधल्या शेंगदाण्याएवढ्या एका भागाविषयी लिहिणार आहोत. त्याला सेन्सर म्हणतात. बर्फाच्या कप्प्यात किती थंडी आहे हे तो कार्डाला सांगतो, आणि त्याच्या सांगण्यावरून कार्ड मोटर चालू-बंद करते. तो खोटे बोलू लागला की चांगला फ्रिजही वेड्यासारखा वागतो.

आमच्या शेजारच्या गल्लीत एक मावशी राहतात. नगरपालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांना मधुमेह आहे, दोन वेळा इन्सुलिन टोचावे लागते. घरी दोन दारांचा फ्रिज, वर बर्फाचा कप्पा, खाली भाजी-दूध. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या सूनबाईंच्या लक्षात आले की खालच्या फळीवरची कोथिंबीर काचेसारखी कडक होते आहे. मग दुधाच्या पिशवीत बर्फ धरला. आणि एके दिवशी इन्सुलिनची बाटली हातात घेतली तर आत बर्फाचे खडे. मावशी आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, फ्रिज बिघडला म्हणजे बंद पडतो एवढं मला म्हाईत. ह्यो तर थांबतच न्हाई."

इथे जरा थांबून सांगणे जरूर आहे. इन्सुलिनची न उघडलेली बाटली 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवायची असते. एकदा ती गोठली की औषध वाया गेले. वितळल्यावर पाण्यासारखी स्वच्छ दिसली तरी ती टोचू नये, तिचा भरवसा राहत नाही. "एवढी महागाची बाटली टाकायची कशी" म्हणून पुष्कळ घरी तीच वापरतात, साखर वाढते आणि दोष पथ्याला देतात. मावशींच्या घरीही ती बाटली जपून ठेवली होती. सूनबाईंनी आमच्या देखत ती बाजूला काढली आणि नवी आणली.

मिस्त्री आधीच येऊन गेला होता. गॅस कमी झाला आहे, म्हणून मोटर थांबत नाही, असे त्याचे म्हणणे. आता वाचकांनीच विचार करावा. गॅस कमी झाला तर मोटर अखंड चालते हे खरे. पण तेव्हा बर्फाचा कप्पा गरम पडतो, आइस्क्रीम मऊ होते, बर्फ धरत नाही. इथे तर खाली कोथिंबीर गोठत होती! मोटर थांबत नाही आणि थंडी कमी, तर गॅस, दाराचे रबर, मागच्या जाळीवरची धूळ, आतला पंखा यांच्याकडे बघावे. मोटर थांबत नाही आणि थंडी हवी त्याहून जास्त, तर गॅस अगदी शाबूत आहे. "आता पुरे" असे मोटरला सांगणारा कोणी राहिला नाही एवढाच त्याचा अर्थ. हा एक फरक ध्यानात ठेवला तरी अडीच हजार वाचतात.

सूनबाई आठवी शिकलेल्या, पण त्यांनी जे केले ते चांगल्या चांगल्या शिकलेल्यांना सुचत नाही. मुलाच्या वहीचे मागचे पान घेऊन त्यांनी मोटर कधी चालू होते, कधी थांबते हे दोन दिवस लिहून ठेवले. रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत एकदाही थांबली नाही. आतले बटण सर्वांत कमी थंडीवर ठेवून पाहिले, तरी फरक नाही. ते पान आमच्या हाती आले तेव्हाच अर्धे काम झाले होते.

मग आम्ही वस्तीतल्या एका मुलाला बरोबर घेतले. त्याने आयटीआयमध्ये फ्रिज-एसीचा कोर्स केला आहे. त्याच्याकडे एक काचेचे थर्मामीटर होते. ताप बघायचे थर्मामीटर इथे उपयोगाचे नाही, त्याचे आकडे 35 अंशांच्या आसपास सुरू होतात. शून्याखाली मोजणारे वेगळे मिळते, फार महाग नसते. बर्फाच्या कप्प्यात ते दोन पिशव्यांच्या मध्ये ठेवले आणि खालच्या फळीवर पेलाभर पाणी ठेवून दुसरे त्यात बुडवले. रात्रभर दार उघडायचे नाही अशी घरात ताकीद. सकाळी बघतो तर वर उणे 27 आणि खालच्या पेल्यावर बर्फाची पातळ साय. वर उणे 18 पुरेसे असते, खाली 3-4 अंश. वरची थंड हवाच थोडी थोडी खाली सोडलेली असते, म्हणून वर अति झाले की खालीही अति होते.

उघडण्याआधी प्लग काढला. नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून बाहेर हवा. काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत, कारण इन्व्हर्टर फ्रिजच्या कार्डात वीज काही वेळ साठून राहते. कप्पा रिकामा केला, मागचे प्लास्टिकचे आवरण दोन स्क्रूंवर होते. त्यावर बर्फ धरला असेल तर सुरी, पेचकस, सळई काही लावू नये. आत पातळ नळी असते, तिला भोक पडले की मग खरोखरच गॅस जातो. कोमट पाण्याचे पातेले आत ठेवून दार लावावे, बर्फ आपोआप सुटतो. आणखी एक सूचना. हल्लीच्या पुष्कळ फ्रिजमध्ये आर-600ए नावाचा गॅस असतो, मागच्या पट्टीवर तसे लिहिलेले असते. हा पेट घेणारा गॅस आहे. सेन्सर बदलताना नळीला हात लावावाच लागत नाही, पण आगपेटी, मेणबत्ती जवळ आणू नये.

सेन्सर म्हणजे दोन तारांच्या टोकाला पांढऱ्या प्लास्टिकची कुपी. तिच्यात असतो थर्मिस्टर, म्हणजे उष्णतेप्रमाणे ज्याचा विजेला होणारा अडथळा बदलतो असा पदार्थ. धातूची तार तापली की अडथळा वाढतो. याचे उलटे आहे. गार झाला की अडथळा वाढतो, तापला की कमी होतो. पदार्थांचा हा उलटा स्वभाव प्रथम 1833 साली मायकेल फॅरेडे याने नोंदवला, सिल्व्हर सल्फाइडवर प्रयोग करताना. हा फॅरेडे लंडनजवळच्या एका लोहाराचा मुलगा. शाळा जेमतेम. चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून वाचून शास्त्रज्ञ झाला. आमच्या मुलांना हे मुद्दाम सांगावे.

तर मीटर लावला. मल्टिमीटर अडीचशे-तीनशे रुपयांत मिळतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत. मावशींच्या फ्रिजमधला सेन्सर 25 अंशांला 5 किलो ओहम दाखवणारा, म्हणजे 5 हजार ओहमचा. काही फ्रिजमध्ये 10 किलोचा असतो, काहींत आणखी वेगळा. उन्हाळ्यातल्या खोलीत, 30 अंशांच्या सुमाराला, 5 किलोच्या सेन्सरने साधारण 4 किलो दाखवायला हवेत. आमच्या सेन्सरने 3.4 दाखवले. थोडे कमी, पण घाईतला माणूस "ठीक आहे" म्हणून पुढे गेला असता. मुठीत धरला तर आकडा खाली जात होता, म्हणजे जिवंतही होता. अशा वेळी सेन्सरला चांगला ठरवून कार्डाला दोषी धरतात.

आयटीआयच्या मुलाने एक स्टीलचा पेला घेतला. त्यात बर्फाचा चुरा गच्च भरला, बुडेल एवढेच पाणी घातले आणि चमच्याने ढवळले. बर्फ आणि पाणी एकत्र असेपर्यंत त्या पेल्यात शून्य अंश राहतात. याहून स्वस्त आणि खरे माप कोणत्याही प्रयोगशाळेत नाही! सेन्सर पाच मिनिटे त्यात बुडवला. शून्य अंशांला अशा सेन्सरचा आकडा 25 अंशांच्या आकड्याच्या तिप्पट किंवा थोडा जास्त व्हायला हवा, म्हणजे 15-16 किलोच्या आसपास. मीटरचा काटा नसतो हल्ली, आकडेच दिसतात. ते आकडे नऊपर्यंत चढले आणि तिथेच अडले.

असे का झाले? कुपीच्या तोंडाशी, जिथून तारा आत जातात, तिथे बारीक चीर होती. फ्रिजचे बर्फ वितळवण्याचे काम आत सतत चालू असते, गोठणे आणि वितळणे. त्या चिरेतून वर्षानुवर्षे ओल आत गेली. ओल म्हणजे विजेला चोरवाट. हौदाचा नळ सोडून तळाच्या भोकातून पाणी जावे तशी थोडी वीज थर्मिस्टरला चुकवून ओलीतून जाते. खोलीत थर्मिस्टरचा स्वतःचा अडथळा कमी असतो, वीज सरळ त्यातूनच जाते आणि चोरवाटेचा पत्ता लागत नाही. थंडीत अडथळा वाढतो, तेव्हा वीज ओलीची वाट धरते. हिशेब करून पाहा. ओलीची वाट 20 किलोची आहे असे धरा. 30 अंशांला 4 आणि 20 मिळून 3.3 होतात, फरक किरकोळ. उणे 18 अंशांला खरा आकडा 46 च्या घरात हवा, पण 46 आणि 20 मिळून 14 होतात. 14 किलो म्हणजे कार्डाच्या हिशेबाने 4 अंश! कप्प्यात बर्फाचा डोंगर आणि कार्डाला वाटते अजून दूधसुद्धा नीट गार झाले नाही. थंडी कितीही वाढली तरी आकडा 20 च्या वर जाऊच शकत नाही. म्हणून मोटर थांबत नव्हती. जो सेन्सर उन्हात खरे बोलतो आणि थंडीत खोटे, त्याची परीक्षा थंडीतच घ्यायला पाहिजे.

एक फसवा प्रकारही सांगून ठेवतो. असा सेन्सर काढून दोन दिवस उन्हात ठेवला तर ओल सुकते आणि तो बर्फातही बरोबर आकडा दाखवतो. आनंदाने परत बसवावा, तर महिन्या-दोन महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. चीर तशीच असते.

तरी कार्डाची शंका राहू नये म्हणून त्या मुलाने आणखी एक गोष्ट केली. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात रुपया-दोन रुपयांना रेझिस्टर मिळतो, तो 68 किलोचा आणून प्लग काढलेला असतानाच सेन्सरच्या जागी जोडला, वर टेप गुंडाळली आणि मग फ्रिज चालू केला. कार्डाला वाटले कप्प्यात उणे 24 आहेत. मोटर सुरूच झाली नाही. म्हणजे कार्ड बरोबर ऐकते आणि बरोबर वागते, ऐकवणाराच खोटा होता. हे काम मात्र जाणत्यानेच करावे. सेन्सरच्या तारांत पाचच व्होल्ट असतात असे म्हणून चालू फ्रिजमध्ये हात घालणारे आम्ही पाहिले आहेत. काही कार्डांत त्या तारा घरच्या 230 व्होल्टपासून वेगळ्या केलेल्या नसतात. जिवाशी खेळ नको.

नवा सेन्सर सुट्या भागांच्या दुकानात अडीचशेला मिळाला. जाताना जुना सेन्सर आणि फ्रिजच्या आतल्या पट्टीवरचा मॉडेल नंबर दोन्ही न्यावे. "कोणताही चालतो" असे दुकानदार म्हणाला तर ऐकू नये. 5 किलोच्या जागी 10 किलोचा बसवला तर कार्डाला सगळे अधिक थंड वाटते, मोटर लवकर थांबते आणि आइस्क्रीमचे पाणी होते. घरी आल्यावर नवाही त्याच बर्फाच्या पेल्यात बुडवून पाहिला. 16 च्या पुढे गेला, मगच बसवला. दोन तारांत उलट-सुलट असे काही नसते, कोणतीही कुठेही जोडावी. पण नुसती पीळ मारून टेप गुंडाळू नये. डाग द्यावा, वर तापवून आवळणारी स्लीव्ह चढवावी आणि दोन्ही तोंडे सिलिकॉनने बुजवावीत. टेपचा चिकटपणा थंडीत सुटतो आणि जोडातून पुन्हा ओल शिरते. कुपी होती त्याच खाचेत बसवावी. थंड नळीला टेकली किंवा दाराकडे सरकली तरी ती चुकीची बातमी देते.

दुसऱ्या दिवशी वर उणे 19, खाली 4. सूनबाईंच्या वहीत मोटर पुन्हा थांबू लागली.

विजेचाही हिशेब मांडू. आम्ही बीकॉम, त्यामुळे सवय जात नाही. मोटर 100 वॅटची धरली आणि चोवीस तास चालली तर दिवसाला 2.4 युनिट, महिन्याला 72. निम्मा वेळ थांबली तर 36. उरलेले 36 युनिट दर महिन्याला कोथिंबीर गोठवण्यात गेले. आपापल्या बिलावरचा दर लावून ज्याने त्याने पाहावे.

सगळ्याच तक्रारी अशा नसतात. वर बर्फ ठीक, खाली मात्र दूध नासते आणि आतून पंखा घासल्यासारखा आवाज येतो, असे असेल तर बहुधा नळीवरचे बर्फ वितळवणारी यंत्रणा बिघडलेली असते. तिथे दुसरा सेन्सर असतो, हीटर असतो, फ्यूज असतो, तिन्ही गोष्टी तपासाव्या लागतात. तार पूर्ण तुटली तर पुष्कळ फ्रिज दारावर अक्षर-आकडा दाखवतात. तो आकडा पुसण्यासाठी प्लग काढून घालण्याआधी कागदावर लिहून घ्यावा. जुन्या एका दाराच्या फ्रिजमध्ये हा सेन्सर नसतोच. तिथे गोल बटणाच्या मागून एक बारीक नळी कप्प्याला टेकलेली असते, तो थर्मोस्टॅट. त्याला मीटर लावून अंश मोजता येत नाहीत, तो अख्खा बदलतात, आणि तोही गॅस भरण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. फ्रिज हमीच्या मुदतीत असेल तर यातले काहीच घरी करू नये, कंपनीकडे लेखी तक्रार नोंदवावी. हमीपत्र वाचून पाहावे. बहुतेक वेळा मोटरची हमी दहा वर्षांची आणि बाकी सगळ्याची एकाच वर्षाची असते, आणि विकणारा दहाचाच आकडा मोठ्याने सांगतो.

मिस्त्रीकडून काम करून घ्यायचे असेल तर बदललेला जुना भाग मागून घ्यावा आणि पावती घ्यावी. "पावती घेतली तर जास्त पडतील" हे बोलणे ऐकून गप्प बसू नये. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केलेल्या कामाची पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. सरकारच्या ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे, तिथे मराठीतूनही बोलता येते. पाच मिनिटांत "गॅस गेला" म्हणणाऱ्याला एवढाच प्रश्न विचारावा: "दादा, गॅस गेला तर मग खाली दूध का गोठतंय?" उत्तर ऐकूनच माणूस ओळखू येतो.

आमच्या वस्तीतल्या महिला बचत गटाने हे पाहून एक मल्टिमीटर आणि शून्याखाली मोजणारे एक थर्मामीटर विकत घेतले आहे. दोन्ही गटाच्या कपाटात असतात. वहीत नाव आणि तारीख लिहून कोणीही न्यावे. परत करताना मीटरचा खटका बंदवर आहे ना तेवढे बघावे, गेल्या महिन्यात दोनदा आतली बॅटरी उतरली.